ऐकलेली माणसं : अलीकडे गेलेले कलावंत आणि आपल्या कानात राहिलेलं

कॅसेटवाला | १५ डिसेंबर २०२५, सकाळी ८:१०

तबल्याचे झाकीरभाई, झाकीर हुसेन, यांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून फोनवर चौदा फॉरवर्ड आले आणि चौदाही एकाच घाण्यातून काढलेले. 'एका युगाचा अंत', 'कधीही भरून न येणारी पोकळी', 'तारा निखळला', खाली जोडलेले हात आणि मेणबत्ती. एकात तर फोटोही दुसऱ्याच तबलजीचा.

म्हणून हा धागा. गेल्या चार-पाच वर्षांत गेलेल्या कुठल्याही कलावंताबद्दल लिहा. गाणारे, वाजवणारे, नाटकवाले, तमाशावाले, रेडिओवाले, कोणीही चालेल. अट एकच : युग, पर्व, पोकळी आणि तारा हे चार शब्द इथे बंद. पुरस्कारांची यादी पण नको, ती कुठेही मिळते. त्या माणसाचं तुमच्या कानात किंवा डोळ्यांत नेमकं काय राहिलंय तेवढंच सांगा.

सुरुवात मीच करतो. शाळेत असताना बाबांनी सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला, नेलं होतं. रमणबागेचं मैदान, थंडी, मफलर, थर्मासमधला चहा. मंचावर संतूरवाले शिवकुमार शर्मा, साथीला झाकीर. मी जागत होतो तो फक्त झाकीरसाठी, आणि संतूरची आलापी सुरू झाली ती काही संपेना. तबला मुकाच. माझी चुळबुळ बघून बाबा कानाशी म्हणाले, "तो वाजवत नाहीये ना, मग बसलाय कसा ते बघ." तेव्हा पाहिलं. हा माणूस मांडी घालून नुसता ऐकत होता. एखादी जागा आली की मान जराशी कलायची, ओठ हलायचे. पुढे त्याने काय वाजवलं ते खरं सांगायचं तर आठवत नाही. बसणं आठवतं.

१० मे २०२२ ला शिवकुमारजी गेले. त्यांना खांदा देणारा आणि मग चितेपाशी उभा राहिलेला झाकीर, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. मला त्यात रमणबागच दिसली.

जाता जाता एक मदत हवी आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं कॅसेटींचं खोकं माझ्याकडे आलंय, बहुतेक सगळ्या रेडिओवरून भरलेल्या. एकीवर त्यांच्या अक्षरात एवढंच लिहिलंय : 'मा. रा. – सकाळ – पाऊस'. मा. रा. म्हणजे काय असेल? घरातला टेप केव्हाच मेला, त्यामुळे लावून बघता येत नाही.

अर्धाकप | सकाळी ८:३५

वाचतोय. मा. रा. म्हणजे मारवा राग. माझ्या आईच्या गाण्याच्या वहीत असंच लिहिलेलं असायचं.

खडूस_श्रोता | सकाळी ८:५२

मारवा संध्याकाळचा. कॅसेटीवर 'सकाळ' लिहिलंय. गेलेल्या माणसावर असले आळ घेऊ नयेत.

तिसरी_घंटा | सकाळी ९:३०

चांगला धागा. माझी आठवण जरा कडू आहे, आणि त्यात चूक माझीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. एका रात्री उशिरा ग्रुपवर बातमी आली की गेले. मी त्यांचं 'बॅरिस्टर' नाटक पाहिलेली बाई. उठून, चष्मा लावून, मोठी दीड पानांची श्रद्धांजली लिहिली. त्यांच्या थांबण्याबद्दल लिहिलं. दोन वाक्यांमध्ये ते इतके थांबत की प्रेक्षागृहातला खोकणारा माणूसही खोकला आवरून धरायचा. शंभरेक अंगठे आले. सकाळी घरच्यांनी सांगितलं की ते आहेत अजून, उपचार चालू आहेत.

२६ तारखेला ते खरोखर गेले. तेव्हा माझ्याकडे लिहायला काही उरलं नव्हतं. थांबण्याबद्दल लिहिणाऱ्या बाईला दोन दिवस थांबता आलं नाही. त्यानंतर मी कुणाचीही बातमी आली तरी दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात पडेपर्यंत अवाक्षर लिहीत नाही.

बेएरियाकर | सकाळी १०:०५ (आमची रात्र)

ताई, तुम्ही एकट्या नाही. गेल्या वर्षी झाकीरभाईंच्या बाबतीत हेच झालं. आमच्याकडे १५ तारखेचा रविवार होता. ते सॅन फ्रान्सिस्कोत रुग्णालयात, आणि बातमी आम्हाला कळली ती चिंचवडहून मामेभावाच्या फोनवर : "अरे, तुमच्याकडे झाकीर गेला म्हणे." मग ती बातमी मागे घेतली गेली. घरच्यांनी सांगितलं की श्वास चालू आहे, प्रार्थना करा. आणि मग काही तासांनी खरंच गेले. भारतात तोवर १६ तारखेची पहाट उजाडली होती, म्हणून काही ठिकाणी १५ आणि काही ठिकाणी १६ लिहिलेलं दिसतं. फुप्फुसांचा आजार होता, वय ७३.

ते तास विचित्र गेले. माणूस आहे की नाही हे त्याच्याच गावात राहून आम्हाला माहीत नाही, आणि सोलापुरात मेणबत्त्या लागलेल्या.

खडूस_श्रोता | सकाळी १०:२०

गेल्या महिन्यात धर्मेंद्रचं काय केलं? ११ नोव्हेंबरला मारून टाकला. माणूस घरी आला आणि २४ ला गेला. मधले तेरा दिवस त्याने स्वतःवरचे मृत्युलेख वाचले असतील तर काय वाटलं असेल?

बाकी, सगळे झाकीरचं कौतुक करणार हे दिसतंय, म्हणून विरुद्ध बाजू मांडून ठेवतो. हात अलौकिक होता यात वाद नाही. पण आगगाडी, हरणाची चाल, शंख-डमरू हे सगळं टाळ्यांसाठी होतं. साथीला बसलेल्या माणसाने मुख्य कलाकारापेक्षा जास्त टाळ्या घेऊ नयेत. हे माझं मत नाही, जुन्या लोकांचा दंडक आहे.

बेएरियाकर | सकाळी १०:४१

काका, त्या आगगाडीमुळे माझा सहा वर्षांचा मुलगा इथे तबल्याच्या वर्गाला जायला लागला. आता अकराचा आहे. अजून आगगाडी येत नाही, पण तीनताल नीट धरतो. हा दंडक त्याला कोण समजावणार?

पहिली_लोकल | दुपारी १२:१५

खडूसकाका, तुम्ही ३ फेब्रुवारीला मुंबईत षण्मुखानंद हॉलला कधी आला होतात का?

झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले. तेव्हापासून त्या तारखेला झाकीरभाई अब्बाजींच्या नावाने दिवसभराचा कार्यक्रम करायचे. पहिली बैठक अगदी सकाळची. मी विरारहून पहिल्या गाडीने निघायचो, दादरला उतरून पुढे टॅक्सी. हवेत गारवा, बाहेर फुलवाले नुकते बसलेले, आणि आत हॉल भरलेला. जगभरातले वादक यायचे. दक्षिणेतला घटम, पंजाबचा ढोल, आफ्रिकेतले ड्रम, आणि आपली ढोलकीसुद्धा. झाकीरभाई स्वतः हातात माइक घेऊन प्रत्येकाची ओळख करून द्यायचे आणि मग विंगेत जाऊन उभे राहायचे. तिथून दिसायचे ते. दुसऱ्याच्या तिहाईला हात वर करून दाद देणारे.

बापाच्या श्राद्धाला पोरगं घरभर धावपळ करतं ना, कोणाला पाणी मिळालं, कोणाचं पान रिकामं आहे, तसं. टाळ्या घेणारा माणूस मला तिथे तरी दिसला नाही.

त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली गोष्ट आहे. जन्मल्यावर बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची असते, तिथे अब्बाजींनी तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली तर म्हणाले की माझी प्रार्थना हीच. माहीममधल्या एका खोलीत १९५१ साली झालेली ही गोष्ट, आणि आमच्या माहीमच्या मावशी ती स्वतः बघितल्यासारखी सांगतात.

खडूस_श्रोता | दुपारी १२:३०

नाही आलो कधी. पहाटे उठवत नाही. मुद्दा अर्धा मागे घेतो.

संपादक | दुपारी १:००

मेणबत्तीचं चित्र असलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याची अट पाळा.

नवशिकी | दुपारी २:२०

मी २२ वर्षांची आहे, गाणं शिकते, त्यामुळे इथल्या मानाने माझ्याकडे फारच थोडं आहे. राशिद खाँसाहेब मला पहिल्यांदा कळले ते 'आओगे जब तुम'मुळे. सिनेमातलं गाणं. आठवीत असताना ते दिवसभर ऐकायचे. मग एकदा त्याच आवाजातला बडा ख्याल लागला आणि वाटलं, अरे, हे तर त्या गाण्याचं घर आहे. गाणं म्हणजे नुसती ओसरी होती. सरळ आत गेले ती अजून बाहेर आलेली नाही.

९ जानेवारी २०२४ ला कोलकात्यात गेले. ५५ वय. आमच्या बाई त्या दिवशी शिकवायला बसल्या आणि तानपुरा जुळवूनच उठल्या. आणि चारच दिवसांनी, १३ तारखेला, प्रभाताई अत्रे. त्या आठवड्यात आमचा क्लास झालाच नाही.

खर्जातला_सा | दुपारी ३:०५

ओसरीची उपमा आवडली.

प्रभाताईंबद्दल मी लिहितो, कारण त्यांनी माझं एक ठाम मत मोडलं होतं. ख्यालात सरगम (सा-रे-ग-म ही स्वरांची नावंच गाणं) म्हणजे लिहिलेल्या पत्रात मध्येच बाराखडी म्हणून दाखवणं, असं मी तारुण्यात सगळ्यांना ऐकवायचो. किराणा घराण्यात सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकलेली बाई सरगम करते म्हणून नाक मुरडणारे तेव्हा पुष्कळ होते. प्रभाताई नुसत्या गाऊन थांबल्या नाहीत, सरगम हाच विषय घेऊन त्यांनी डॉक्टरेट केली. विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकलेली बाई. आक्षेप आला की चिडायच्या नाहीत, मुद्दे मांडायच्या. एका व्याख्यानात मी मागच्या रांगेतून नेमका हाच आगाऊ प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, कलावतीचे चार स्वर घेऊन गाऊन दाखवले, एकदा आकारात आणि एकदा सरगमीत, आणि मग माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. दोन्ही वेगळे होते. मी बसलो.

गाण्यात त्या आल्या तेही जवळजवळ अपघाताने. आई आजारी असायची, तिला विरंगुळा म्हणून घरी पेटी शिकवायला गुरुजी यायला लागले. आईने चार धडे घेऊन सोडलं, आठ वर्षांच्या मुलीने धरलं. ९१ व्या वर्षी गेल्या त्या दिवशी त्यांचं मुंबईत गाणं ठरलेलं होतं. गाणं शिल्लक ठेवून गेल्या म्हणायचं.

भीमसेनजींनंतर सवाईची सांगता बरीच वर्षं प्रभाताईंकडे असायची. त्यांचं झालं की सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागायची. ती खरखर ऐकत लोक सतरंज्या गुंडाळायचे. माझ्या डोक्यात प्रभाताईंचा शेवटचा सा आणि ती खरखर एकमेकांना चिकटलेत, आता सुटायचे नाहीत.

फडकरी | दुपारी ४:४०

राम राम मंडळी. मी नारायणगावचा. केव्हापासून वाचतोय. तुमचं सगळं सवाई आणि षण्मुखानंद. आमच्याकडचं कोणी गेलंच नाही का हो?

कांताबाई सातारकर २५ मे २०२१ ला गेल्या. करोना. कोणाला आठवतंय? आख्ख्या महाराष्ट्रानं ज्या बाईला शिवाजी महाराजांच्या वेशात बघितलं, तिच्या मयताला माणसं बोटावर मोजण्याइतकी, कारण तसा नियमच होता. तिचा नवरा तुकाराम खेडकर गेला तेव्हा ती खचली नाही, फड स्वतः उभा केला. मी लहान असताना जत्रेला बघितलेली. महाराजांच्या भूमिकेत एंट्री झाली की बाया पदर सावरून उठून उभ्या राहायच्या. बाईमाणूस महाराज करतंय हे कोणाच्या मनात पण यायचं नाही. आमचा आजा म्हणायचा, चाल बघ चाल. चालीतच राज्य होतं.

त्या दोन वर्षांत फडांचं काय झालं ते कोणी लिहिलं नाही. दर साली पाडव्याच्या सुमाराला आमच्या गावात राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. २०२० ला राहुट्या पडल्या आणि गुंडाळल्या. गाड्यांची चाकं जमिनीत रुतली. ढोलकीवाला भाजी विकत होता, मी त्याच्याकडनं मेथी घेतली आहे. चांगल्या हाताचा माणूस. जुडी बांधताना पण बोटं लयीत.

कॅसेटवाला | दुपारी ५:०२

फडकरी, आभार. खरंच राहून गेलं होतं. अजून लिहा.

फडकरी | दुपारी ५:३०

लिहितो की. सुलोचनाबाई चव्हाण. १० डिसेंबर २०२२. लोकांना वाटतं लावणी म्हणजे बोर्डावरची बाई. सुलोचनाबाई गिरगावातल्या, आधी हिंदी सिनेमात गायच्या, आणि लावणीचा बाज शिकवला तो नवऱ्यानं, श्यामराव चव्हाणांनी. शब्द कसा फेकायचा, कुठं दाबायचा, कुठं सोडायचा. 'सोळावं वरीस धोक्याचं' मधला 'धोक्याचं' ऐका. सगळी लावणी त्या एका शब्दात आहे. आणि गाताना बाई कशा, तर डोक्यावर पदर, अंगावर नऊवारी नाहीतर साधी साडी, जागचं हलणं नाही. जो काही नाच आहे तो गळ्यात.

आमच्या घरात लावणी लावायला बंदी. पण सुलोचनाबाई लागल्या की आई आतनं म्हणायची, असू दे, पदर घेतलेला आहे तिनं. आता रेडिओवर पदर कुठनं दिसला आईला?

तिसरी_घंटा | संध्याकाळी ६:१५

"रेडिओवर पदर" वाचून एकटीच हसले. वाचनखूण साठवली.

मांडवीकाठ | संध्याकाळी ७:००

गोव्यातून दोन नावं घालतो. एक रामदास कामत, साखळीचे. ८ जानेवारी २०२२ ला गेले. दुसरे प्रभाकर कारेकर, १२ फेब्रुवारी २०२५, वय ८०. दोघेही आमचे आणि दोघेही मुंबईने नेले, ते जुनंच भांडण आहे, इथे नको.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात नाटक असतंच. गावातलाच कृष्ण, गावातलाच अर्जुन, दिवसा कोण बँकेत तर कोण फेरीवर. 'प्रिये पहा' आलं की मागून कोणीतरी म्हणणारच, "कारेकरांसारी म्हण रे!" आणि तो बिचारा तान घ्यायचा, अर्ध्या वाटेवर दम जायचा, प्रेक्षकच पुरी करायचे. कारेकर स्वतः हळदणकर, अभिषेकी आणि सी. आर. व्यास अशा तिघांकडे शिकले, पण आमच्या गावात ते शिकले की नाही याची कोणाला पडलेली नाही. 'बोलावा विठ्ठल' लागलं की बांगडा तळणारी बाई गॅस बारीक करते. एवढं पुरे.

कामतांचं 'गुंतता हृदय हे' माझ्या बाबांना तोंडपाठ. कामत एअर इंडियात नोकरी करायचे आणि नाटकही करायचे. बाबांना त्याचाच अभिमान जास्त. "नोकरी सोडली नाय तेणें!" मला गाणं सोडून नोकरी धरायला लावताना हेच उदाहरण दिलं होतं त्यांनी.

अर्धाकप | संध्याकाळी ७:२५

नोकरीवरून आठवले अच्युत पोतदार. १८ ऑगस्ट २०२५. आधी सैन्यात, मग इंडियन ऑइलमध्ये, आणि चाळिशी उलटल्यावर पडद्यावर. आमच्या हापिसात कोणी लांबण लावली की सगळे एकदम त्यांचा तो 'कहना क्या चाहते हो' म्हणतात. एका ओळीवर माणूस किती दिवस राहू शकतो बघा.

तिसरी_घंटा | संध्याकाळी ८:१०

आणि त्याच महिन्यात बाळ कर्वे. नुकतीच पंच्याण्णव पूर्ण झाली होती.

१९७७-७८ चं दूरदर्शन. आमच्या चाळीत दोन घरांत टीव्ही, काळा-पांढरा. चिमणराव लागायचा तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या काकूंच्या घरात चपला ठेवायला जागा नसायची. प्रभावळकरांचा चिमणराव सतत बोलणारा, घाबरणारा, आणि शेजारी हा आडदांड गुंड्याभाऊ. कर्व्यांनी गुंड्याभाऊला कधी 'विनोदी' केलं नाही. तो मनापासून रागवायचा, मनापासून मदत करायचा. म्हणून हसू यायचं. आम्ही पोरं खेळात चिमणराव व्हायला भांडत नसू, गुंड्याभाऊ व्हायला भांडायचो.

अतुल परचुरेबद्दल लिहायला बसले होते, तीन वेळा खोडलं. मी 'नातीगोती' नाटक पाहिलं तेव्हा तो पोरगेला होता, मतिमंद मुलाचं काम करायचा. तो मुलगा तसाच आहे असं समजून मध्यंतरात माझी आई रडत होती. मग तोच पुढे पु. लं.समोर पु. लं. म्हणून उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२४, वय ५७. बाकी नंतर कधीतरी.

जुना_बँड | रात्री ९:००

रेडिओचा विषय निघाला आणि अमीन सायानी नाहीत? २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, ९१ व्या वर्षी. बिनाका गीतमाला १९५२ ची, रेडिओ सिलोन. बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यात जेवणं थांबायची. सुई एक केस हलली की सिलोन जायचं आणि समुद्र यायचा. मोठा भाऊ एरियलची तार हातात धरून उभा, कारण त्याने धरली की आवाज स्वच्छ. अर्धं बालपण त्याने एरियल म्हणून काढलं. गेले त्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "आता हात खाली घेतो."

खडूस_श्रोता | रात्री ९:२०

हा प्रतिसाद धाग्याच्या वर टांगा.

नवशिकी | रात्री १०:०५

एक विचारू? वर सगळे रेडिओची खरखर, अर्धवट तान, सुई हलणं असंच लिहितायत. म्हणजे बिघाडच लक्षात राहिलाय. २०२४ मध्ये रहमानने 'लाल सलाम' सिनेमात दोन दिवंगत गायकांचे आवाज, बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे, कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने वापरले. घरच्यांची परवानगी घेऊन, मानधन देऊन. आवाज हुबेहूब आहे. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं की उद्या लताबाईही गातील नवीन गाणी, मग गेल्या कुठे? मला उत्तर देता आलं नाही.

खर्जातला_सा | रात्री १०:३०

परवानगी आणि मानधनाचं त्याने नीट केलं, म्हणून त्या एका प्रकाराला मी नावं ठेवत नाही. पण तुमच्या मैत्रिणीला विचारा : लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या, तोवर त्यांनी कितीतरी गाणी नाकारली असतील. यंत्र कुठलं गाणं नाकारणार? कुठे श्वास घ्यायचा हे गाणारा ठरवतो, आणि काय गायचं नाही हेही तोच ठरवतो. यंत्रातल्या लताबाईंना 'नाही' म्हणता येत नाही, मग त्या लताबाई कसल्या?

पहिली_लोकल | रात्री १०:४४

+१

भाग्यनगरकर | १६ डिसेंबर, सकाळी ७:२०

उशिरा आले. कॅसेटवाला, तुमच्या 'मा. रा.'चं उत्तर मला पहिल्या प्रतिसादापासून माहीत आहे आणि इथे लोक मारव्यात अडकलेत!

मालिनी राजूरकर. ६ सप्टेंबर २०२३ ला आमच्या हैदराबादेत गेल्या, ८२ वय. सकाळच्या संगीत सभेत त्यांचं गाणं रेडिओवर अनेकदा लागायचं.

मालिनीबाई मूळच्या अजमेरच्या, गणिताच्या पदवीधर, काही वर्षं गणित शिकवतही होत्या. गोविंदराव राजूरकरांकडे गाणं शिकल्या, त्यांच्याच पुतण्याशी लग्न झालं आणि इकडे आल्या. पक्कं ग्वाल्हेर घराणं. टप्पा ही अवघड चीज, दाणेदार तानांची नुसती झड असते, एक दाणा सांडला की सगळी माळ तुटते. मालिनीबाई तो असा गायच्या की शेजारी बसून कोणी गव्हातले खडे वेचतंय. कपाळावर आठी नाही, हातवारे नाहीत. गाणं संपलं की संकोचून नमस्कार. वागणं असं की ज्यांनी आत्ता भैरवीतला टप्पा गायला त्या ह्याच का, असा प्रश्न पडावा.

मी त्यांना भाजीच्या दुकानात पाहिलंय. घेवडा निवडत होत्या, एकेक शेंग बघून. मागे उभं राहून मी मनात म्हटलं, टप्पा असाच होत असणार.

खडूस_श्रोता | सकाळी ७:४०

मान्य. मा. रा. म्हणजे मालिनी राजूरकर. 'सकाळ' म्हणजे सकाळची सभा. आणि 'पाऊस' काय मग? मल्हार सकाळी?

कॅसेटवाला | सकाळी ८:०५

भाग्यनगरकर, अंगावर काटा आला. बाबांना मालिनीबाई आवडायच्या हे मला माहीतच नव्हतं. घरात कधी त्यांचं नाव निघाल्याचं आठवत नाही.

'पाऊस'चा उलगडा आत्ता आईला विचारून झाला. आमच्या जुन्या घराला पत्रे होते. बाबा रेडिओसमोर टेप ठेवून, माइक पुढे करून भरायचे, आणि घरात कोणी बोलायचं नाही, कुकर लावायचा नाही. त्या दिवशी आई म्हणे गप्प बसली, आम्ही गप्प बसलो, आणि पाऊस बसला नाही. बाबांनी कॅसेट पुसली नाही, तक्रार लिहून ठेवली.

आता काहीही करून ती ऐकायची आहे. पुण्यात कोणाकडे चालू टेप आहे का? दुरुस्तीवाले दोघे पाहिले, दोघांनीही "कॅसेट? फेकून द्या" म्हटलं.

खर्जातला_सा | सकाळी ८:३०

फेकू नका. कोथरूडला या. डेक आहे, बेल्ट गेल्या वर्षीच बदललाय, हेड मी स्वतः स्पिरिटने पुसतो. मात्र इतकी वर्षं पडून असलेली फीत सैल झालेली असेल, आधी हाताने पूर्ण फिरवून घट्ट करावी लागेल, नाहीतर अडकून तुटायची.

नवशिकी | सकाळी ८:४५

मी पण येऊ का? मी कॅसेट कधी वाजताना बघितलेलीच नाही.

खर्जातला_सा | सकाळी ८:५०

ये की. रविवारी सकाळी दहा. पत्ता निरोपातून पाठवतो. कॅसेटवाला, येताना पेन्सिल आणा.

कॅसेटवाला | सकाळी ८:५२

आणतो.

खडूस_श्रोता | सकाळी ८:५५

सहा कोनांची आणा. गोल पेन्सिल आत नुसतीच फिरते. आणि दहा म्हणजे मलाही उठवेल.